वारशानें आलेल्या एका लष्करी रायफलीचें मूल्यपत्र : एक चिकित्सा

(१) प्रसंग

ऐतिहासिक साधनांची पारख करण्याचे जे नियम आपण कागदपत्रांस लावतों, तेच लोखंडालाकडाच्या वस्तूंस लावतां येतील काय, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्यापुढें अकस्मात् उभा राहिला. शस्त्रास्त्रें हा आमचा विषय नव्हे. संस्कृत शिकविण्यांत आमची हयात गेली, आणि निवृत्तीनंतरचा काळ पोथ्या व मोडी दप्तरें चाळण्यांत जात आहे. परंतु आमचे एक जुने विद्यार्थी गेलीं तीस वर्षें अमेरिकेंत स्थायिक आहेत. त्यांनीं एका रायफलीचीं चाळीसएक छायाचित्रें, व तिच्या किंमतीविषयीं तेथील एका व्यापाऱ्यानें करून दिलेलें दोन पानी मूल्यपत्र, आमच्याकडे पाठविलें आणि लिहिलें, “गुरुजी, शिक्के वाचावयास आपणच शिकविलेंत, हेहि वाचून पाहावे. रायफलीवर ‘ईशापूर’ असा शब्द आहे, म्हणून आपली आठवण झाली.”

रायफल त्यांच्या सासऱ्यांची. सासरे वारले, मागें एक कन्या, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या पत्नी, व एक पुत्र. इस्टेट दोघांनीं समसमान वांटून घ्यावयाची. रायफल आजोबांची आठवण म्हणून बहिणीस ठेवावयाची आहे. भावास रोकड पाहिजे. मूल्यपत्रांत रायफलीची किंमत, संगिनीसह, २,४०० डॉलर लिहिली असल्यामुळें तेवढी रक्कम बहिणीच्या वाट्यांत धरली जाणार. शिवाय मूल्यपत्राच्या शेवटीं अशी शिफारस आहे कीं, लाकूड घासून तकतकीत केलें व पोलादास नवा मुलामा दिला तर किंमत २,८०० डॉलरांपर्यंत जाईल. भावानें त्यासाठीं कारागीरहि ठरविला होता.

तेव्हां दोन गोष्टींचा निर्णय व्हावयाचा होता : बहिणीच्या नांवें मांडलेली रक्कम न्याय्य आहे काय, आणि रायफल कारागिराच्या हातीं द्यावी काय. पहिल्या गोष्टींतील चूक पैशानें भरून निघते. दुसरींतील निघत नाहीं. म्हणून आम्ही तातडीनें एवढेंच कळविलें कीं, आमचें उत्तर येईपर्यंत कांचकागद रायफलीस लागूं देऊं नये. मग शांतपणें छायाचित्रें घेऊन बसलों. त्या तपासणीचा हा वृत्तांत आहे. व्यापाऱ्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. त्याच्या चुका त्याच्या एकट्याच्या नाहींत, आणि त्यांतील बहुतेक आपल्या संग्राहकांच्या परिचयाच्या आहेत.

(२) वस्तूचें वर्णन

प्रथम वस्तूवर काय लिहिलें आहे तें पाहूं. तिच्याविषयीं लोक काय सांगतात तें मागाहून.

रायफल ‘आखूड ली-एनफील्ड’ या जातीची. काडतूस .३०३ इंची, आणि पेटींत दहा काडतुसें मावतात. या जातीचा ‘मार्क तीन’ हा नमुना ब्रिटिश सरकारनें १९०७ सालीं मंजूर केला. पहिल्या महायुद्धांत काम त्वरेनें उरकावें म्हणून त्यांतील कांहीं भाग गाळण्यांत आले. लांब पल्ल्यावर नेम धरण्यासाठीं बाजूस बसविलेली तबकडी गेली, आणि पेटींतील काडतुसें राखून ठेवून हातानें एकेक भरतां यावें म्हणून जी आडवी पट्टी असे तीहि गेली. या सुटसुटीत नमुन्यास १९१६ पासून ‘मार्क तीन’पुढें तारका लावूं लागले. बंगालमध्यें कलकत्त्याच्या उत्तरेस ईशापूर येथें रायफलींचा सरकारी कारखाना १९०४ सालीं निघाला. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडनें नवा नमुना हातीं घेतला, तरी ईशापूरनें हा जुनाच नमुना चालू ठेविला.

शिक्के असे आहेत. दस्ता जेथें पोलादी कोठींत बसतो तेथें उजव्या अंगास मुकुट, त्याखालीं जी. आर. आय. हीं तीन अक्षरें, त्याखालीं ईशापूर, त्याखालीं १९४२, आणि नमुन्याचें नांव तारकेसह. तीन अक्षरांचा अर्थ ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’ असा. इंग्लंडांत घडलेल्या रायफलींवर केवळ जी. आर. असतें; सम्राटपद हिंदुस्थानचें, म्हणून तिसरें अक्षर ईशापूरच्या मालावर येतें. मोर्तबावरून कचेरी ओळखावी तसाच हा प्रकार आहे.

क्रमांकांची स्थिति अशी : कोठीवरील व नळीवरील क्रमांक एकच आहे. बोल्टच्या दांड्यावर एक जुना क्रमांक असून त्यावर आडवी रेघ मारली आहे, आणि शेजारीं कोठीवरचाच क्रमांक पुन्हा ठोकला आहे. नळीखालच्या लांब लाकडावर मात्र अगदीं निराळा क्रमांक आहे, व तो खोडलेला नाहीं. याच लाकडांतून एक आडवा स्क्रू गेला आहे. लाकूड चिरूं नये म्हणून हिंदुस्थानांतील दुरुस्तीच्या कारखान्यांत असा स्क्रू बसवीत. दस्त्याची उजवी बाजू कोणीतरी पूर्वींच घासून गुळगुळीत केली असून तेथील छाप पुसट झाले आहेत. डावी बाजू काळवंडलेली, चरे पडलेली, पण शाबूत. तिच्यावर दुरुस्तीचे व तपासणीचे छाप स्पष्ट आहेत.

आणखी तीन गोष्टी. नळीच्या खालच्या अंगास, तोंडाजवळ, अगदीं बारीक अक्षरांत एका अमेरिकन आयात करणाराचें नांव व गांव कोरलेलें आहे. सोबत एक संगीन आहे. पातें बारा इंचांचें, व त्यावर आर. एफ. आय., म्हणजे ‘रायफल फॅक्टरी, ईशापूर’, हीं अक्षरें आहेत. आणि त्याच खणांत पांच काडतुसांची एक पट्टी सांपडली. काडतुसांच्या बुडावर के. एफ. असा छाप आहे. हीं अक्षरें आमच्या खडकीचीं. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. पुण्याच्या मुलास अमेरिकेंतील सासऱ्यांच्या खणांत खडकीचें काडतूस मिळावें, याचें त्यांस फार नवल वाटलें, आम्हांसहि वाटलें.

(३) मूल्यपत्राची तपासणी

एक गोष्ट मूल्यपत्रकर्त्याच्या बाजूनें आधींच सांगतों. रायफल अस्सल सरकारी घडणीची आहे, सरहद्दीवरील नकल नव्हे, हें त्यानें बरोबर ओळखलें आहे. खैबरच्या बाजूस दर्रा आदमखेल वगैरे ठिकाणीं पठाण कारागीर इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला करीत आले आहेत. त्यांना अक्षरें वाचतां येत नसत; ते आकृति उतरीत. त्यामुळें एखादें अक्षर उलटें पडे, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेखालीं १९०१ नंतरचें साल येई. राणी २२ जानेवारी १९०१ रोजीं वारली. मयत धन्याच्या शिक्क्याची सनद जशी आपण बाजूस ठेवितों, तशीच अशी रायफल ठेवावी लागते. प्रस्तुत रायफलींत असा दोष नाहीं. आतां दोषांकडे वळूं.

पहिला दोष, काळासंबंधीं. मूल्यपत्र म्हणतें कीं ही ‘१९१४-१८ च्या महायुद्धांतील रायफल’ आहे. कारण तारकायुक्त नमुना १९१६ चा. येथें नमुन्याचा काळ व घडणीचा काळ यांची गल्लत झाली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें पूर्ण झाली, म्हणून शके १७०० मध्यें उतरलेली तिची पोथी शके १२१२ ची ठरत नाहीं. ग्रंथाचें वय निराळें, पोथीचें निराळें. पोथीचें वय पुष्पिकेंत असतें, आणि या रायफलीची पुष्पिका १९४२ असें उघड सांगते. तें साल मूल्यपत्रांत उतरून घेतलें आहे, परंतु ‘नंतरच्या दुरुस्तीचें असावें’ असा शेरा मारून सोडून दिलें आहे. दुरुस्तीचें साल कारखान्याच्या मुख्य मुद्रेंत, कारखान्याच्या नांवाखालीं, त्याच ठशांत पडत नसतें.

दुसरा दोष, कथेसंबंधीं. कुटुंबांत अशी कथा आहे कीं, आजोबा १९१८ सालीं फ्रान्समध्यें लढले व ही रायफल घरीं घेऊन आले. मूल्यपत्रांत ‘ऐतिहासिक संबंध’ या सदराखालीं तिचे ४५० डॉलर धरले आहेत. कथा वरवर पाहतां असंभाव्य नाहीं, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. अमेरिकन शिपायांजवळ सामान्यतः त्यांच्या देशाच्या रायफली असत; परंतु त्यांच्या २७ व्या व ३० व्या डिव्हिजन ब्रिटिश सैन्याबरोबर लढल्या आणि त्यांस ब्रिटिश रायफली दिलेल्या होत्या. आजोबा त्यांपैकींच एकींत होते, असें कुटुंबीय सांगतात. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे. १९४२ सालीं घडलेली वस्तु १९१८ सालीं कोणाच्या खांद्यावर असूं शकत नाहीं.

याहून बळकट साक्ष नळीखालच्या बारीक अक्षरांची आहे. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें परदेशी सैन्यांच्या जुन्या रायफलींची आयात बंद पडली. १९८० नंतरच्या दशकांत ती पुन्हा खुली झाली, आणि आयात करणारानें आपलें नांव-गांव वस्तूवर कोरावें असें बंधन राहिलें. तेव्हां ही रायफल कोणा शिपायाबरोबर नव्हे, व्यापाऱ्याच्या मालांतून त्या देशांत आली. मूल्यपत्रांत या अक्षरांचा उल्लेखच नाहीं. संग्राहक अशा छापास कमीपणा मानतात व त्यामुळें किंमत उतरते. म्हणून तो पाहणें हें मूल्यपत्रकर्त्याचें कर्तव्यच होतें.

बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक मान द्यावा, हें राजवाड्यांनीं आपणांस शिकविलें. शस्त्रसंग्राहकांतहि ‘वस्तु विकत घ्या, कथा घेऊं नका’ अशी म्हण आहे. लेखी आधार असेल तर कथेचे पैसे अवश्य द्यावे : शिपायाचें नांव व त्याच्या रायफलीचा क्रमांक एकत्र असलेला सरकारी कागद मिळाला तर साध्या रायफलीचें मोल कित्येक पटींनीं वाढतें. परंतु निराधार कथेची किंमत शून्य धरणें हाच प्रामाणिक हिशेब होय.

तिसरा दोष, क्रमांकांसंबंधीं. मूल्यपत्रांत ‘सर्व क्रमांक जुळतात’ असें एक वाक्य आहे. तें खरें नाहीं. लांब लाकडाचा क्रमांक निराळा आहे. मात्र येथें आमचीहि एक चूक नमूद करतों. पहिल्या छायाचित्रांत बोल्टवरील खोडलेलाच क्रमांक आम्हांस दिसला, आणि बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, असें आम्हीं घाईनें लिहून टाकलें. दुसऱ्या बाजूचें छायाचित्र मागविल्यावर नवा क्रमांक दिसला. सरकारी कारखान्यांत बोल्ट बदलला कीं जुना आंकडा रेघेनें रद्द करून नवा ठोकीत. पोथींत हरताळ लावून लेखकानेंच शुद्ध केलेल्या पाठासारखा हा बोल्ट आहे. तो प्रक्षेप नव्हे. लाकूड मात्र दुसऱ्या पोथीचें पान आहे. संग्राहक प्रथम बोल्टचा क्रमांक पाहतात, कारण बोल्ट व कोठी यांचा मेळ नसेल तर काडतुसामागें वाजवीपेक्षां जागा राहते व रायफल उडविणें धोक्याचें होतें. त्यामुळें बोल्ट जुळल्याचें श्रेय रायफलीस मिळालें पाहिजे, आणि लाकूड न जुळल्याची वजावटहि झाली पाहिजे.

चौथा दोष, संगिनीसंबंधीं. मूल्यपत्रांत ती ‘१९०७ च्या नमुन्याची’ म्हणून ३५० डॉलरांस धरली आहे. १९०७ च्या नमुन्याचें पातें सतरा इंचांचें असतें, आणि १९१३ पूर्वींच्या संगिनींस मुठीपाशीं वळलेला आंकडा असे. जास्त किंमत येते ती या आंकड्याच्या संगिनींस. आमच्यापुढील संगीन बारा इंचांची, हिंदुस्थानी आखूड नमुन्याची आहे. मोजपट्टी लावली असती तर ही चूक झाली नसती.

पांचवा दोष, तुलनेसंबंधीं. रायफलीची मूळ किंमत १,६०० डॉलर ठरवितांना तीन दाखले दिले आहेत. तिन्ही इंग्लंडांत घडलेल्या, १९१४ पर्यंतच्या, लांब पल्ल्याची तबकडी व आडवी पट्टी शाबूत असलेल्या रायफलींचे आहेत. तशा रायफली थोड्या उरल्या, कारण युद्धांतील दुरुस्तींत हे भाग बहुधा काढून टाकले जात. त्यांचा दर ईशापूरच्या १९४२ च्या रायफलीस लावणें म्हणजे सचित्र पोथीचा दर साध्या पोथीस लावणें होय. आणि दुसरें असें कीं, हे तिन्ही आंकडे विकणारांनीं मागितलेले आहेत; कोणी दिलेले नव्हेत. मागणें कितीहि असूं शकतें. लिलावांत प्रत्यक्ष पटलेली रक्कम हाच दाखला. आणि तीहि पाहतांना खरेदीदाराकडून घेतलेली वरकड दलाली तींत धरली आहे कीं नाहीं, तें तपासावें लागतें. विकणाराच्या हातीं पडते ती रक्कम त्याहून कमी असते.

सहावा दोष सर्वांत मोठा, आणि तो म्हणजे उजळणीची शिफारस. अमेरिकेंतील राष्ट्रीय रायफल संघानें जुन्या शस्त्रांच्या स्थितीच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. त्यांत ‘उत्कृष्ट’ या पायरीस सर्व भाग मूळचे व मूळ मुलाम्यापैकीं शेंकडा ८० हून अधिक शिल्लक असावा लागतो. ‘उत्तम’ या पायरीस शेंकडा ३० हून अधिक पुरतो. दोन्हीकडे शब्द ‘मूळ’ असा आहे. नवा मुलामा कितीहि झळाळला तरी तो या मोजणींत येत नाहीं. उलट त्याच्याखालीं मूळचा गडप होतो, आणि घासतांना अक्षरांच्या कडा बोथट होतात. छापील मूल्यसूचींतील टक्क्यांचे रकाने याच गृहीतावर मांडलेले असतात. मूल्यपत्रकर्त्यानें रकाना पाहिला, गृहीत पाहिलें नाहीं.

प्रस्तुत प्रकरणीं तर हानि आणखी स्पष्ट होती. उजव्या बाजूचे छाप पूर्वींच गेले आहेत. रायफल कोठें दुरुस्त झाली, किती वेळां तपासली गेली, याची उरलेली सर्व साक्ष डाव्या, काळवंडलेल्या बाजूवर आहे. कारागीर तीच बाजू ‘स्वच्छ’ करणार होता. मोडी कागदाच्या कडा सुबक दिसाव्या म्हणून कातरून लेखनसीमेचा शिक्काच कापून टाकणारे बांधणीकार आपण पाहिले आहेत. त्यांचा हेतु वाईट नसतो, पण गेलेला शिक्का परत येत नाहीं. जुन्या पोलादास हलकें तेल व मऊ फडकें, लाकडास कोरडें फडकें, याहून अधिक सेवा वारसानें करूं नये. आणि जुनीं काडतुसें उडवूं नयेत. त्या काळच्या टोपींतील क्षारामुळें नळींत गंज चढतो.

सातवा दोष मूल्याच्या जातीसंबंधीं आहे. एकाच वस्तूचीं निदान तीन मूल्यें असतात. विम्यासाठीं धरावयाचें मूल्य, म्हणजे तशीच वस्तु दुकानांतून पुन्हा घ्यावयास लागणारी रक्कम, हें सर्वांत वरचें. व्यापारी स्वतः विकत घेतांना देईल तें सर्वांत खालचें. दुकानाचें भाडें व नफा त्याला त्यांतूनच काढावयाचा असतो. वारसाच्या वांटणीसाठीं मधलें मूल्य घ्यावयाचें : माहितगार घेणारा व माहितगार देणारा, दोघांवरहि सक्ती नसतां, ज्या रकमेस राजी होतील ती. अमेरिकेंतील वारसाकराच्या नियमांत हीच व्याख्या आहे. मूल्यपत्रांत यांपैकीं कोणतें मूल्य काढलें तें लिहिलेलें नाहीं. आंकड्यावरून तें विम्याचें, व तेंहि फुगविलेलें दिसतें. शिवाय मूल्यपत्राची फी मूल्याच्या शेंकडेवारीनें आकारली आहे. ज्याचें वेतन आंकड्याबरोबर वाढतें त्याच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. पारख करणारानें फी आपल्या श्रमाची घ्यावी, आणि ती आधीं ठरवावी.

(४) आमचा अंदाज

दोष दाखविणें सोपें. म्हणून आम्हांस काय योग्य वाटतें तेंहि सांगितलें पाहिजे. क्रमांक, छाप व नमुने यांसाठीं इयान स्केनर्टन यांचा ‘द ली-एनफील्ड स्टोरी’ (१९९३) हा ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांनीं तेथील ग्रंथालयांतून पाहिला व त्यांतील वर्णनें रायफलीशीं ताडून आम्हांस कळविलीं. मग ईशापूरच्या, याच नमुन्याच्या, १९४० च्या आसपासच्या रायफली लिलावांत कितीस गेल्या, ते आंकडे त्यांनीं जमविले. त्यांतून आयातीचा छाप असलेल्या निराळ्या काढल्या, व घासलेल्या दस्त्याच्या निराळ्या. या ताळ्यावरून रायफलीची किंमत ४०० ते ४५० डॉलर व संगिनीची ८० ते १०० डॉलर येते. कथेचें शून्य. एकूण ४८० ते ५५० डॉलर. म्हणजे मूल्यपत्राच्या चतुर्थांशाहून थोडी कमी. उजळणी झाल्यास यांतूनहि घट होईल, वाढ नव्हे.

हा अंदाज आजचा आहे. दुर्मीळपणा ही कायमची गोष्ट नव्हे. २००३ सालीं अमेरिकन व्यापाऱ्यांनीं नेपाळच्या सैन्याचा काठमांडू येथील जुन्या शस्त्रांचा प्रचंड सांठा विकत घेतला, आणि ज्या मार्टिनी-हेन्री रायफली संग्राहकांस क्वचित् पाहावयास मिळत त्या साध्या गिऱ्हाइकासहि मिळूं लागल्या. एखाद्या वाड्यांतील बंद दप्तर उघडलें कीं सुट्या कागदांच्या भावाचें काय होतें, तें आपल्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून प्रत्येक मूल्यपत्रावर तारीख असावी, व तें वर्षादोनवर्षांनीं शिळें समजावें.

(५) आपल्याकडील वारसांसाठीं

हें सर्व विवेचन अमेरिकेंतील बाजाराचें आहे. आपल्याकडे वाडवडिलांची बंदूक ज्यांच्या घरीं निघेल त्यांनीं भावाचा विचार करण्यापूर्वीं परवान्याचा विचार करावा. .३०३ च्या रायफली आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्यें गणल्या जातात. त्यांस खुला बाजार नाहींच. ईशापूर येथें नागरिकांसाठीं .३१५ ची रायफल निघूं लागली ती सैन्याचें काडतूस नागरिकांस मना होतें म्हणूनच. परवानेदार वारल्यावर वारसानें शस्त्र घरीं लपवून ठेवूं नये. १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें, व मग आपल्या नांवें परवान्यासाठीं अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस ठेवतां येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोन झाली, हेंहि ध्यानांत ठेवावें.

त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या, कालबाह्य किंवा मोडलेल्या शस्त्रांस एक सवलत आहे. परंतु तें शस्त्र दुरुस्तीनें किंवा दुरुस्तीवांचूनहि उडण्याजोगें नसावें, अशी अट आहे. तोड्याच्या बंदुका जपणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें कलम स्वतः वाचावें, केवळ ऐकीव माहितीवर राहूं नये. शंभर वर्षांवरील वस्तु परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यानें खासगी व्यक्तीस मनाई आहे. आमचें वाचकांस एवढेंच मागणें कीं, शस्त्र जमा करण्यापूर्वीं त्यावरील प्रत्येक छापाचें स्वच्छ छायाचित्र घेऊन त्याची नोंद कुटुंबाच्या कागदांत ठेवावी. जमा झालेलें शस्त्र परत येईलच असें नाहीं. त्यावरील मजकूर तरी राहावा.

(६) उपसंहार

आमचें टिपण भावाबहिणींनीं एकत्र बसून वाचलें. भावानें कारागिरास नकार कळविला, व वांटणींत रायफल ५०० डॉलरांस धरण्याचें ठरलें. बहिणीस मात्र दुःख झालें. तिनें लिहविलें कीं, “पैसे वांचले, पण आजोबा गेले.” हें वाक्य वाचून आम्ही कांहीं दिवस अस्वस्थ होतों. चिकित्सकाला खोटें सोडून देतां येतें. परंतु त्याच्या जागीं ठेवण्यास प्रत्येक वेळीं त्याच्यापाशीं कांहीं असतेंच असें नाहीं.

त्यानंतर महिन्याभरानें सासऱ्यांचे जुने कागद आवरतांना एक पावती सांपडली. १९८८ सालीं एका दुकानांतून हीच रायफल, याच क्रमांकाची, संगिनीसह ७९ डॉलरांस घेतल्याची ती पावती आहे. पाठीमागें सासऱ्यांच्या हातचे पेन्सिलीनें लिहिलेले दोनच शब्द आहेत. त्यांचें मराठी ‘बाबांच्यासारखी’ असें होईल.

येथें कथेचा उगम लागतो. आजोबांनीं १९१८ सालीं अशीच एक रायफल वापरली होती; ती त्यांनीं नियमाप्रमाणें सरकारांत परत केली असली पाहिजे. पुढें म्हातारपणीं त्यांच्या मुलानें तशी एक दुकानांत पाहिली व वडिलांची आठवण म्हणून घेतली. घरांत बोलतां बोलतां ‘बाबांच्यासारखी’ मधील ‘सारखी’ गळालें आणि ‘बाबांची’ उरलें. कोणी लबाडी केली नाहीं. नकलकाराच्या हातून अक्षरलोप व्हावा तसा हा लोप आहे, आणि पोथ्यांच्या पाठांत निम्मे घोटाळे याच कारणानें होतात.

पावतीनें रायफलीच्या बाजारभावांत एका डॉलरचीहि भर पडत नाहीं. तथापि आम्हीं त्या बाईंस असें कळविलें आहे कीं, पावती रायफलीसोबतच ठेवावी, आमच्या टिपणाची एक प्रत तीजवळ ठेवावी, आणि पुढील पिढीस सांगतांना गळालेला शब्द पुन्हा घालून सांगावा. आजोबा १९१८ सालीं फ्रान्समध्यें होते किंवा कसें, हें त्यांच्या सैनिकी कागदांवरून ठरावयाचें आहे. तो शोध त्यांनीं आतां सुरू केला आहे. रायफलीनें जी साक्ष दिली नाहीं ती कागद देतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

ईशापूरचे अथवा खडकीचे छाप असलेल्या वस्तु ज्या वाचकांच्या पाहण्यांत असतील, त्यांनीं छापांचें यथामूल वर्णन मंडळाकडे पाठविल्यास तें पुढील अंकांतून देतां येईल. वर्णनासोबत किंमत कळविण्याचें कारण नाहीं.